बाकांच्या बेचाळीस गाद्या

३ फेब्रुवारी, मंगळवार

धाकटीने दुकानाला पाटी लावली! "रविवारी बंद. उपासनेला या." — सोफ्याची कव्हरं शिवणाऱ्या बाईने गिऱ्हाइकाला उपासनेला बोलवायचं म्हणजे कमाल झाली.

दिराचं लग्न होऊन ही घरात आली तेव्हा सुई कुठून धरायची ते ठाऊक नव्हतं. मी शिकवलं. माझ्याच टेबलापाशी, समोरासमोर बसवून. मी डावखुरी, ती उजवी, त्यामुळे तिला सगळं आरशात बघितल्यासारखं दिसायचं आणि भरभर यायचं. चार वर्षं माझ्याकडे काम केलं, मग याच रस्त्याच्या टोकाला स्वतःचं दुकान काढलं. माझी काही हरकत नाही. हरकत कसली! फक्त तिच्या दारावरून जाताना माझी चाल बदलते.

५ फेब्रुवारी, गुरुवार

दातांची डॉक्टरीण आली होती. नऊ वर्षांचं माझं गिऱ्हाईक. सोफा घेऊन म्हणे धाकटीकडे गेली होती, आणि धाकटीने तिला परत पाठवलं! "सोफ्याला काही झालेलं नाही. खोळ धुऊन घाला, पाच वर्षं बघायला नको." हे डॉक्टरीणबाई मलाच सांगायला आल्या. "किती प्रामाणिक हो तुमची जाऊ! शिवताना गिऱ्हाइकासाठी प्रार्थना करते म्हणे." मी हसले. दात दाखवायला काय जातं.

गिऱ्हाईक परत पाठवल्याने गिऱ्हाइकं वाढतात हे मला कुणी शिकवलंच नाही. गेल्या वर्षी याच बाईच्या तीन खुर्च्यांचे स्प्रिंग मी बदलले. गरज एकीलाच होती. हे फक्त इथे लिहिते.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

आम्हीही सकाळची प्रार्थना सुरू केली. मी आणि माझ्या दोन शिवणारणी. डोळे मिटले, हात जोडले, "प्रभू, या दुकानावर तुझा आशीर्वाद —" तेवढ्यात टेम्पोचा आवाज. एक डोळा उघडला. टेम्पो टोकाला चालला होता, वर तीन आरामखुर्च्या! आमेन घाईघाईत उरकलं. मोठी शिवणारीण म्हणते, "ताई, मान आखडली का?"

८ फेब्रुवारी, रविवार

आज उपासनेत, देवाने आपलं काय भलं केलं त्याची साक्ष द्यायला कोण उठलं? तीच! "दुकान माझं नाही, प्रभूचं आहे. मी नुसती किल्ली सांभाळते." मंडळी विरघळली. सासूबाईंनी चष्मा काढून डोळे पुसले. माझं दुकान पंधरा वर्षं चालू आहे, माझ्यासाठी त्यांचा चष्मा एकदाही निघाला नाही.

आणि उपासना संपल्यावर चर्चच्या सेक्रेटरींनी जाहीर केलं — बाकांवरच्या बेचाळीस गाद्या नव्या करायच्या, काम धाकटीला. त्या गाद्या माझ्या हातच्या आहेत! अकरा वर्षांपूर्वी मीच केल्या. मी तेव्हा पहिल्या बाकावर, माझ्याच गादीवर बसले होते. कुणाला वाटलं नाही की आधी हिला विचारावं.

घरी येऊन भांडी आदळली. हे म्हणाले, "कपबशीचा काय दोष? तिने कुठे साक्ष दिली?" हसू आलं. दाखवलं नाही.

१० फेब्रुवारी, मंगळवार

दुपारी मशिनवर बसले होते आणि एकदम लक्षात आलं. गाद्या नव्या करायच्या म्हणजे जुन्या उसवायच्या. पाय पायडलवरच थांबला.

लिहूनच टाकते. अकरा वर्षांपूर्वी चर्चच्या नव्या हॉलचं समर्पण होतं, उद्घाटनच म्हणा. तारीख ठरलेली, पाहुणे ठरलेले, आणि फोमची गाडी आलीच नाही. मी वरून-खालून बोटभर फोम लावला आणि मधे दुकानातल्या चिंध्या ठासून भरल्या. म्हटलं, पुढच्या महिन्यात बदलू. पैसे मात्र सगळे फोमचे घेतले. समर्पणाच्या दिवशी पाळकांनी गादीवर हात ठेवून माझ्या हातांसाठी देवाचे आभार मानले. भर मंडळीत! त्यानंतर कुठल्या तोंडाने सांगणार?

आता धाकटी कात्री लावणार. पहिल्याच गादीतून मी बाहेर पडणार.

११ फेब्रुवारी, बुधवार

सेक्रेटरींना गाठलं. म्हटलं, "एवढं काम तिला झेपेल का? दोन तर मशिनी." ते म्हणाले, "झेपेल हो. उद्याच गाद्या मापाला पाठवतो. मग परत आल्या की सगळ्यांसमोर उसवू. आतला फोम चांगला निघाला तर वृद्धाश्रमाला देऊ. तुमच्या हातचा आहे, चांगलाच निघणार!"

सगळ्यांसमोर!

१२ फेब्रुवारी, गुरुवार

गाद्या गेल्या. टेम्पो माझ्या दारावरूनच गेला.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

तिचं शटर दुपारपासून अर्धं खाली असतं. आत काय चाललंय कळत नाही. माप घ्यायला इतके दिवस?

भाजी घेताना समोर आली. "ताई, बऱ्या आहात ना?" डोळ्यांत बघून विचारलं. हिला कळलंय का? उघडून बघितलं असेल? बघितलं असेल तर सांगत का नाही? साक्ष द्यायला रविवारची वाट बघतेय?

तिच्या उजव्या हाताच्या चार बोटांना पट्ट्या होत्या. म्हणे सुई टोचली. इतकी वर्षं शिवते आणि बोटं टोचून घेते! मला बरं वाटलं. वाटलं ते वाटलं.

२२ फेब्रुवारी, रविवार

साक्षीला धाकटी उठली नाही. खाली मान घालून बसली होती.

२ मार्च, सोमवार

धाकटीने काम परत केलं! बेचाळीसच्या बेचाळीस गाद्या जुन्या खोळींतच हॉलवर पोचवल्या. "हे काम माझ्याकडून होणार नाही. ताईंच्या हातचं आहे, त्यांनाच द्या." कारण नाही, काही नाही. सेक्रेटरी भडकलेत, तीन आठवडे फुकट गेले. काम मला!

मंडळीत चर्चा आहे. मीही भर घातली. पाळकांच्या बायकोला म्हटलं, "प्रार्थना तोंडाने होते, गाद्या हाताने कराव्या लागतात." ती हसली. किती दिवसांनी जेवण गोड लागलं!

उसवायचं शुक्रवारी. ते अजून डोक्यावर आहेच.

४ मार्च, बुधवार

हॉलची किल्ली मागितली. एका दिवसासाठी. सेक्रेटरी म्हणाले, "घाई कशाला? शुक्रवारी सगळे आहेतच." आजारी पडावं म्हणून गार पाण्याने अंघोळ केली. शिंकसुद्धा आली नाही!

६ मार्च, शुक्रवार

आजच लिहून ठेवते.

हॉलमध्ये बारा-पंधरा जण होते. धाकटी मागे, दाराजवळ. सेक्रेटरींनीच कात्री घेतली. मी म्हणणार होते, थांबा. तेवढ्यात चर्रकन खोळ फाटली —

फोम! पूर्ण जाडीचा, एकसंध. दुसरी गादी. फोम. पाचवी. फोम. सेक्रेटरींनी तो दाबून सगळ्यांना दाखवला. "अकरा वर्षं झाली, बघा जरा! याला म्हणतात ख्रिस्ती माणसाचा धंदा. बाहेरून दिसत नाही तिथेही खरेपणा." टाळ्या झाल्या. सासूबाईंनी चष्मा काढला. मग सेक्रेटरी दाराकडे वळून म्हणाले, "धाकट्या बाई, यातून काही शिका." ती म्हणाली, "शिकलेच आहे त्यांच्याकडून."

मी सहावी गादी हातात घेतली. कडेचे टाके हाताने घातलेले, डावीकडे कललेले, डावखुऱ्या माणसाचे. माझेच. पण दोरा नवा. आणि टाके वेडेवाकडे — पहिल्यांदा सुई धरणाऱ्याने घालावेत तसे. बेचाळीस गाद्या, चारी कडा. उजव्या हाताने गादी धरून तिने डाव्या हाताने शिवल्या. ती उजव्या हाताची आहे.

मान वर केली तर दारात कुणी नव्हतं.

सगळं आयुष्य ज्या टाळ्या मागितल्या, त्या आज मिळाल्या. आणि काय सांगू, तेव्हाही मनात पहिलं हेच आलं — इथेही ही पुढे गेली!

७ मार्च, शनिवार

तिच्या दुकानात गेले. दोन वर्षांत पहिल्यांदा. विचारलं, "चिंध्या कुठे आहेत?"

"मागच्या खोलीत. तुमच्या आहेत, मी कशा टाकून देऊ?"

"मला का नाही सांगितलंस?"

ती बोटांवरच्या पट्ट्या चाचपत राहिली. म्हणाली, "सांगायचं असेल तर ते तुम्हीच सांगायचं, ताई. मी कोण?"

चिंध्यांच्या पोत्यांतलं एक दोघींनी मिळून माझ्या घरी उचलून आणलं. जड होतं.

८ मार्च, रविवार

साक्षीची वेळ झाली. धाकटी उठायच्या आत मी उठले. पोतं बरोबर नेलं होतं.