पोळ्याला धुतलेले चोवीस उंदीर

मी मार्तंड दिगंबर खेर्डेकर, वय चौऱ्याहत्तर, औषधशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक, राहणार खामगाव, जिल्हा बुलढाणा, पूर्ण शुद्धीत, कुणाच्या दबावाविना हे लिहून ठेवतो. माझी स्मरणशक्ती, दुर्दैवाने, ठणठणीत आहे.

१. राहते घर व ठेवी मुलगी भार्गवी हिला. तीन वर्षे तिने माझे तोंड पाहिलेले नाही. बरोबरच आहे.

२. माळ्यावरचा लाकडी भुलभुलैया जाळावा. ई जीवनसत्त्वापासून केलेल्या एका पुडीने स्मरणशक्ती वाढते का, हे १९९६ साली मी त्यात पांढरे उंदीर सोडून तपासत होतो. चोविसांपैकी बारांना पूड, त्यांच्या पाठीवर पिवळी खूण. पोळ्याला आमचा परिचर कडूबा, राहणार पिंपळगाव राजा, याने सगळे उंदीर कोमट पाण्याने धुतले आणि बैलांच्या खांद्याला लावतात तशी हळद चोविसांच्याही पाठीला लावली. त्याची बैलजोडी त्याच साली विकली गेली होती. म्हणाला, "तेबी राबूनच राह्यले ना साहेब."

पूड कुणी खाल्ली, कळेना. मग जे उंदीर दाण्यापाशी लवकर पोचले, तेच पूड खाल्लेले, असे मी लिहून टाकले. निबंध छापला, डॉक्टरेट मिळाली. कडूबाला खरे ठाऊक होते, म्हणून उंदरांचे खाद्य चोरल्याचा आळ घालून त्याला काढायला लावले.

३. पुढे माझी पत्नी सुलभा विसरू लागली. भार्गवी म्हणाली, अकोल्याला दाखवू. सुलभा म्हणाली, "घरात औषध असताना? यांनीच तर सिद्ध केलंय." मला एक वाक्य बोलायचे होते. बोललो नाही. चार वर्षे तीच पूड दुधातून दिली. शेवटी अकोल्याचे डॉक्टर म्हणाले, बी-बारा कमी होते, वेळेत साधी इंजेक्शने दिली असती तर बाई सुधारल्या असत्या. ती गेली तेव्हा मला "मास्तर" म्हणत होती.

४. कलम २ ची प्रत भार्गवीने माझ्यामागे विद्यापीठाला पाठवावी. जिवंतपणी माझी छाती होत नाही.

५. नाक्यावरचा प्लॉट कडूबाला द्यायचा होता. आज त्याला बोलावले.

"प्लॉट नको मले. कडूबा चोर नव्हता, एवढं लिवा. सई करतो."

कडूबा चोर नव्हता. विद्यापीठाला माझ्यामागे कळेल, असे मी त्याला सांगितले.

"मेल्यावर काऊन? माह्या बापानं मले चोर समजूनच डोळे मिटले."

मी विचारले, माफ केलेस असे लिहू का?

"ते नका लिवू."

म्हणून लिहिलेले नाही.

लिहून ठेवणार: मार्तंड दिगंबर खेर्डेकर (सही)
साक्षीदार: १. इंद्रभान नारायण शेळके, शेजारी (सही)
२. कडूबा संपत इंगळे, माजी परिचर (सही)
खामगाव, दि. ११ सप्टेंबर २०२५