दार का वाजवलंस

६ नोव्हेंबर

लॉर्नाबाईंना,

तू चिठ्ठीत मला 'श्रीमती उयारक' लिहिलंस, म्हणून तूही आता बाई. सहा वर्षं मावशी म्हणत होतीस. असो. इकडे सगळे बरे आहेत. खाडी गोठली, कालपासून लोक तिच्यावरून ये-जा करायला लागलेत. म्हाताऱ्या टाटिगाटच्या कुत्रीला पाच पिल्लं झाली, दोन जगली. माझे गुडघे दुखतात. तुझे कसे आहेत ते तू नर्स आहेस, तुझं तू बघ.

खोकं मिळालं. गेल्या मंगळवारच्या विमानानं आलं. मला वाटलं चहा पाठवला असशील. उघडून बघते तर माझ्याच हातचा कातड्याचा कोट, आणि वर चिठ्ठी, की यावर आता माझा हक्क नाही, माफ करा. मी ती दोनदा वाचली आणि चुलीत घातली.

केलेलं बोलून दाखवू नये असं माझी आई म्हणायची. पण तू बोलायला लावतेस. त्या कोटाला तीन कॅरिबू हरणांची कातडी लागली, ऑगस्टमधली, केस आखूड असतात तेव्हाची. माझ्या नवऱ्यानं, अमारूकनं, त्यासाठी चार दिवस पायपीट केली. मी ती खरवडून खरवडून मऊ केली तेव्हा माझी मनगटं सुजली होती, आणि तूच मला मलम दिलं होतंस. तू आलीस तेव्हा तुझ्या अंगावर दुकानातलं लाल फुगीर जाकीट होतं. उणे चाळीसपर्यंत चालतं असं आत लिहिलंय म्हणालीस. अमारूक म्हणाला, "लिहिलं असेल, पण वाऱ्याला वाचता कुठे येतं?" गाव आठवडाभर हसलं, आणि मी सुई काढली.

आणि असा कोट तू ठेवलास कुठे, तर गरम खोलीत. हात लावला की केस हातात येतात. बाहीपाशी कातडं कडकडीत होऊन तडकलंय. कातडं थंड पडवीत ठेवायचं हे तुला माहीत नव्हतं म्हणावं, तर तूच नव्या मास्तरणीला तावातावानं शिकवत होतीस. मग काय, मुद्दाम उन्हाळाभर शेगडीशेजारी टांगून ठेवलास आणि बघत बसलीस?

तुला आठवतंय का, पहिल्या आठवड्यात तू दाराला आतून कडी लावायचीस? टाटिगाट चहाला आला, दार उघडेना, तर तो म्हातारा गावभर सांगत सुटला की नवी नर्स मेली. चार बाप्ये पहार घेऊन आले. तू ओल्या केसांनी, टॉवेल गुंडाळून दारात उभी राहिलीस आणि आम्हालाच रागावलीस. तेव्हा मी तुला बसवून सांगितलं की आमच्यात दार वाजवत नाहीत. घरचं माणूस सरळ आत येतं, बूट झटकतं, बसतं. बोलावंसं वाटलं तर बोलतं. दार वाजवतो तो पोलीस, नाहीतर परका. वर्षभरात तू शिकलीस. यायचीस, भांड्यातलं सीलचं मांस कापून घ्यायचीस आणि माझ्या शेजारी गप्प बसायचीस. मला ते फार आवडायचं. तुला कधी सांगितलं नाही.

तशी तू बडबडी. दवाखान्यात म्हाताऱ्यांना तेच तेच विचारून दमायचीस. ते बिचारे केव्हाच भुवया वर करून 'हो' म्हणून मोकळे झालेले असायचे, नाहीतर नाक आक्रसून 'नाही' म्हणून, आणि तुझं डोकं कागदात. "आधी तोंडाकडे बघ, मग लिही," असं अमारूकनंच तुला शिकवलं. तेव्हापासून तू बघायला लागलीस.

एप्रिलातल्या वादळाबद्दल मी लिहिणार नव्हते. पण काल टाटिगाट आला, खुंटीवरचा कोट बघितला आणि म्हणाला, "पोरगी रागावली वाटतं."

मी म्हटलं, रागावायचं तर मी. अमारूकला पुरून चार दिवस झाले होते. मी घरात एकटी होते, आणि दारावर टकटक झाली. खिडकीतून बघितलं तर तू. सहा वर्षांनी तू माझं दार वाजवत होतीस. मला इतका संताप आला की काय सांगू. नवरा गेला आणि हिनंही आता परकं व्हायचं ठरवलं. तीनदा वाजवलंस. मी हलले नाही. दुसऱ्या दिवशी तू विमानात बसलीस, मला तोंडसुद्धा न दाखवता. हे सगळं मी टाटिगाटला ऐकवलं.

तो शांतपणे चहा पीत होता. म्हणाला, "ती परकी झाली म्हणून नाही गं वाजवलं तिनं. अजून घरची आहे का, ते विचारत होती. तू का नाही उठलीस?"

त्याला मी उत्तर दिलं नाही. तुला देते.

वादळाच्या दिवशी सकाळी अमारूकच्या छातीत दुखलं म्हणून आम्ही दवाखान्यात आलो, तेव्हा विमान धावपट्टीवर उभं होतं. दुपारी ते जाणार होतं, वादळ संध्याकाळी आलं. तू मला विचारलंस, "मावशी, याआधी कधी छातीत दुखलं होतं का यांच्या?" अमारूक तुझ्या मागून माझ्याकडे बघत होता. मी नाक आक्रसलं. तू माझ्या तोंडाकडे नीट बघितलंस, आणि मग लिहिलंस. गोळ्या दिल्यास आणि घरी पाठवलंस.

दुखत होतं गं. सप्टेंबरपासून. जाळं ओढता ओढता बर्फावर मटकन बसायचा आणि मला म्हणायचा, नर्सला सांगशील तर बघ, ती मला दक्षिणेला पाठवेल. त्याचा भाऊ तिकडच्या इस्पितळात वारला, तेव्हा त्याची भाषा बोलणारं एक माणूस जवळ नव्हतं. मी त्याला शब्द दिला होता. तो मी पाळला, आणि तुझ्याशी खोटं बोलले. खरं सांगितलं असतं तर तू त्याला त्याच विमानात बसवलं असतंस. वाचला असता की नाही कोण जाणे. पुढे तीन दिवस विमान उतरलं नाही. तू दोन रात्री त्याच्या उशाशी बसलीस, आणि तो गेल्यावर माझे हात धरून म्हणालीस, माझ्या लक्षात यायला हवं होतं. मी तेव्हाही गप्पच होते.

तू दार वाजवलंस तेव्हा मला राग आला हे खरं. पण तू आत येऊन पुन्हा तेच विचारशील याची भीती जास्त होती. सात महिने तू माझं ओझं तुझं समजून वाहते आहेस, आणि मी वाहू दिलं. तुझी चूक नव्हती, लॉर्ना. चूक माझी होती.

तुझ्यावर माझा आता राग नाही असं लिहिणार होते, पण आहे. त्या दिवशी तू दार ढकलून आत का नाही आलीस? आली असतीस, शेजारी बसली असतीस, तर मला सांगावंच लागलं असतं.

कोट मी थंड पडवीत नेऊन टांगलाय. बाही उसवली आहे, नवं कातडं लावते. मी तो विमानानं पाठवणार नाही, तुझी तू येऊन घाल. माझ्यावर ओरडायचं असेल तर तेही इथे येऊन ओरड, बूट झटकून, आत बसून. पण दार वाजवलंस तर मी उठणार नाही, आत्ताच सांगून ठेवते.

तुझी मावशी,
उयारक