जमनीचा अंगठा

प्रकाशा, सोमवार, पौष, इ.स. १९३८

आज शहाद्याच्या जिनात, कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, जमनी भेटली. बारा वर्षांपूर्वी माझ्या शाळेतली सर्वांत हुशार मुलगी. एकदा ऐकलेला धडा दुसऱ्या दिवशी पाठ म्हणायची. आता सरकी वाहते. मुनीमाने हजेरीवर तिचा अंगठा घेतला. अंगठा!

"अगं, तुझं अक्षर किती सुरेख होतं," मी म्हणालो.

"हात भुली गया, गुरुजी."

पट कमी म्हणून त्याच वर्षी बोर्डाने आमची मुलींची शाळा बंद केली. तो अहवाल मीच लिहिला होता. खोटा नव्हता, पण कापूसवेचणीच्या दिवसांतला. मुली शेतात होत्या. महिनाभर थांबलो असतो तर? तो शाईचा अंगठा डोळ्यांपुढून हलत नाही.

निघताना ती म्हणाली, "मन्ही पोर बी हुशार शे. शाळा कव्हय उघडी?"

"पुढच्या वर्षी," मी म्हणालो. खोटं बोललो. तिलाही ते कळलं असावं.