तिसऱ्या रविवारी आप्पा उठले

शिरूर
बुधवार, १२ फेब्रुवारी २०२५

प्रिय सुलूताई,

आज रजा घेतली. सकाळी नळाला पाणी आलं, ते भरून ठेवलं. दहा वाजता नगरपालिकेत जाऊन आप्पांच्या मृत्यूच्या दाखल्याच्या प्रती आणल्या. दोन तुझ्यासाठी वेगळ्या ठेवल्या आहेत. दुपारी शेजारच्या गीताबाईंनी पिठलं दिलं. ते खाऊन आडवा झालो, पण झोप येईना, म्हणून लिहायला बसलो. आता तीन वाजले आहेत.

पत्र कशाला, फोन का नाही, असं तू म्हणशील. फोनवर माझं काय होतं ते तुला ठाऊक आहे. तू बोलतेस, मी हं हं करतो, आणि शेवटी तू चिडतेस, "अरे, म्हैस हाकतेय का मी? बोल की काहीतरी." लिहिताना निदान मधे कोणी थांबवत नाही.

घर ठीक आहे. आप्पांची खाट बाहेरच्या खोलीत तशीच आहे. त्यांचे स्वेटर आणि धोतरं धुऊन चर्चच्या मंडळीतल्या गरजूंना दिली. खाकी शर्ट मात्र एक ठेवला. निवृत्त होऊन सोळा वर्षं झाली तरी ते तो शर्ट घालून स्टँडवर जाऊन बसायचे आणि नव्या कंडक्टरांना सल्ले द्यायचे, हे तू पाहिलं नाहीस. डेपोतली पोरं चेष्टा करायची, "आप्पा, आज कोणची गाडी लेट हाय?" आप्पा खरंच सांगायचे.

परवा मला माझा बारावा वाढदिवस आठवला. आपण तिघं आप्पांच्याच गाडीनं नगरला निघालो होतो. आईचं तिकीट, तुझं तिकीट, आणि माझ्यापाशी येऊन त्यांनी पूर्ण तिकीट फाडलं. आदल्या आठवड्यात अर्धं होतं. तू सगळ्या गाडीत ओरडलीस, "आप्पा, सत्या रात्री जन्मला, संध्याकाळपर्यंत तो अर्धाच हाय!" माणसं हसायला लागली. आप्पा न हसता म्हणाले, "दाखल्यावर तारीख असती, येळ नसती." पुढं गेल्यावर मात्र मागे वळून त्यांनी तुझ्याकडे बघून मिशीत हसून घेतलं. तुझ्यावर त्यांचा जीव असा होता. भांडणारी तूच होतीस घरात.

आई गेली तेव्हा मी सोळा वर्षांचा होतो. त्याच वर्षी मला पहिली फिट आली. मला त्यातलं काही आठवत नाही, पण शुद्धीवर आलो तेव्हा डोकं तुझ्या मांडीवर होतं आणि तू दारात जमलेल्या बायकांवर खेकसत होतीस. कोणी कांदा फोडून आणला होता, कोणी चप्पल हुंगवा म्हणत होतं. तू म्हणालीस, "चप्पल माझ्या हातात द्या, कुणाला हुंगवायची ते मी बघते." पुण्याच्या डॉक्टरांकडे मला तूच घेऊन जायचीस. माझ्यासाठी लग्न दोन वर्षं पुढं ढकललंस. गोकुळदाजी थांबले, म्हणून बरं. हे मी कधी बोलून दाखवलं नाही. आज लिहितो आहे.

म्हणून एस्तेरचं स्थळ तू आणलंस तेव्हा त्यात तुझं काय होतं, हे मला कळत होतं. दौंडची मुलगी, तुमच्याच मंडळीतली. तिचे वडील रोहिदासराव दाजींबरोबर रेल्वेत. मी एकतीस वर्षांचा, कंपनीत स्टोअर्सला. चार वर्षांत एकही फिट नव्हती. तू म्हणालीस, बऱ्या झालेल्या आजाराची दवंडी कोणी पिटत नाही. "गोकुळला लहानपणी गोवर झाला होता, त्याच्या आईनं मला सांगितलं होतं का?" त्यावर आप्पा म्हणाले, "गोवर परत येत न्हाई, सुले." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "लग्न सत्याचं हाय. सांगायचं ते त्यानं सांगावं." मी बघू म्हणालो. तू विषय बदललास, आणि मला बरं वाटलं.

एस्तेरशी मी चारपाच वेळा फोनवर बोललो होतो. एकदा तिनं विचारलं, "तुम्हाला मला काही सांगायचंय का? तुम्ही मधेच गप्प होता." मी नाही म्हणालो. कंपनीतला आवाज आहे, असं सांगितलं.

आपल्या रीतीप्रमाणे लग्नाची सूचना तीन रविवार वाचली जायची होती. तुमच्या देवळातही आणि आमच्याही. या विवाहाविषयी कोणाला काही सांगायचं असेल तर त्यानं आता सांगावं, असं पाळक विचारतात आणि कोणी बोलत नाही. लहानपणी त्या वेळी आपण एकमेकांना चिमटे काढायचो, बघ कोणी उठतंय का. दोन रविवार तसेच शांत गेले. तिसऱ्या रविवारी दौंडला काय झालं ते तू पाहिलंस. पण त्याच्या आधीच्या पाच दिवसांत काय झालं ते तुला ठाऊक नाही. ते आप्पांना आणि मलाच ठाऊक होतं.

दुसऱ्या सूचनेनंतरच्या मंगळवारी मला फिट आली, ताई. चार वर्षांनी. सकाळी न्हाणीघरात. आप्पांनी दार ढकलून मला कुशीवर केलं, डोक्याखाली टॉवेल दिला, आणि उठेपर्यंत माझा हात धरून बसले. त्या दिवशी जिभेला चावा बसला म्हणून मी दोन दिवस ताक-भात खात होतो. तुला फोनवर दाढ दुखते म्हणून सांगितलं. संध्याकाळी प्रार्थना झाल्यावर आप्पा म्हणाले, "आता सांगावं लागंल." मी म्हणालो, मी सांगतो, तुम्ही मधे पडू नका, तुम्ही सांगितलंत तर मी कायमचा पोरगा राहीन. त्यांनी मान्य केलं. "शनवारी जा. रोहिदासरावांना घरी गाठून सांग. चहा पिऊन सांग, पण सांग."

शनिवारी मी गेलो. रेल्वे क्वार्टरच्या फाटकापर्यंत गेलो. आत एस्तेरची आई पापड वाळत घालत होती, लग्नाचे. मी तिथून मागे वळलो. स्टँडवर उसाचा रस प्यालो आणि परतीची गाडी पकडली. घरी आप्पांनी विचारलं, "जाऊन आलास?" मी म्हणालो, आलो जाऊन. त्यांनी पुढं काही विचारलं नाही. रात्री प्रार्थनेत त्यांनी माझ्या धैर्याबद्दल देवाचे आभार मानले. मी आमेन म्हणालो.

रविवारी आम्ही पहिल्या गाडीनं निघालो. उपासना झाल्यावर तुझ्याकडे सगळ्यांचं जेवण होतं. चौफुल्याला गाडी बदलली, बसायला जागा मिळाली, आणि आप्पांनी सहज विचारलं, "मग, रोहिदासराव काय म्हनले?" तेव्हा मला खरं सांगावं लागलं. वरवंडला त्यांनी कंडक्टरला दौंडला किती वाजता पोहोचू ते विचारलं. मला वाटलं, रागावतील. ते म्हणाले, "अजून येळ हाय. देवळाच्या दारात गाठू त्यांना. तू बोल, मी बाजूला उभा ऱ्हातो." पण पाटसच्या अलीकडे कारखान्याला चाललेल्या उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागली होती. एक ट्रॉली रस्त्यात कलंडली होती. पाऊण तास तिथंच गेला. आम्ही देवळात पोहोचलो तेव्हा दुसरं गीत चालू होतं, हे तुला आठवत असेल, कारण तू पुढून वळून डोळे वटारले होतेस.

पाळकांनी सूचनेचा कागद उचलला. आप्पांनी माझ्याकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "उठतोस?" मी मानेनंच नाही म्हणालो. मी म्हणालो, "आप्पा, तुम्ही उठा." हे शब्द माझे आहेत, ताई. नऊ वर्षांत मी ते कोणाला सांगितले नाहीत.

ते उठले. टोपी हातात धरून म्हणाले, "पाळकसाहेब, माझी हरकत न्हाई. पण सत्यजीतला फिट येतात, औषध चालू हाय. मुलीच्या घरी हे ठाऊक न्हाई. ते ठाऊक होऊन मग लग्न व्हावं, एवढंच." आणि बसले. मंगळवारचं त्यांनी काढलं नाही. शनिवारचंही काढलं नाही. जेवणाआधी घरी बाजूला घेऊन सांगता आलं असतं, असं तू तेव्हा म्हणालीस, आणि मीही मनात किती वेळा म्हटलं आहे. पण पाळकांनी देवासमोर विचारलं होतं, आणि विचारल्यावर गप्प बसणं आप्पांना कधी जमलं नाही.

लग्न मोडलं. तू पहाटे चारला उठून तीस माणसांचा स्वयंपाक केला होतास. तुझ्या मंडळीत, दाजी कमिटीत असताना, तुझी मान खाली गेली. तू दारात आप्पांना म्हणालीस, "स्वतःच्या लेकराला चार लोकांत उघडं पाडलंत. खरं बोलायची एवढी हौस!" मी तिथंच उभा होतो. तेव्हा बोलायला हवं होतं. मी बूट घालत राहिलो. स्टँडवर आप्पांनी मला केळी घेऊन दिली. माझ्या तोंडून कसंबसं निघालं, ताईला मी सांगतो. ते म्हणाले, "तुला सांगायचं तवा सांग. माझी घाई न्हाई."

आणि मग मी त्या घाई नसण्यावर नऊ वर्षं काढली. तू शिरूरला येणं बंद केलंस. नाताळात मुलं यायची, तू यायची नाहीस. रोज संध्याकाळच्या प्रार्थनेत आप्पा पहिलं नाव तुझं घ्यायचे, मग दाजींचं, मग मुलांचं परीक्षेसकट. माझं शेवटी. अधूनमधून माझ्याकडे बघायचे, विचारायचे नाहीत.

आणखी एक गोष्ट. त्यानंतर तीन वर्षांनी रोहिदासराव आपल्या घरी आले होते. एस्तेरचं तोवर सोलापूरला लग्न होऊन तिला मुलगी झाली होती. ते रांजणगावला कोणाकडे तरी आले होते, वाटेत उतरले. मी आत चहा करत होतो. ते आप्पांना म्हणाले, "आप्पा, राग न्हाई आता. पण तुम्ही घरी येऊन सांगितलं असतं ना, तर मी दिली असती पोरगी. तिला पसंत होता तुमचा मुलगा." मला वाटलं, आता आप्पा सांगतील. सांगायला हवं होतं. ते म्हणाले, "उशीर झाला खरा. चुकलंच." त्यात खोटं काही नव्हतं, फक्त माझं नाव नव्हतं. चहा बाहेर न्यायला मला बराच वेळ लागला. तो पुन्हा गरम करावा लागला.

आप्पा गेले त्या दिवशी तू आलीस. मूठभर माती टाकलीस, पण घरी आली नाहीस. स्टँडवर मी तुला सोडायला आलो तेव्हा तू माझा हात धरून म्हणालीस, "तुझं आयुष्य त्यांनी घालवलं, आणि तू त्यांचंच करत बसलास, येड्या." तुझ्या डोळ्यांत पाणी होतं. गाडी आली आणि तू चढलीस. तेव्हापासून मला नीट जेवण जात नाही. त्यात काल गीताबाई भाकरी देताना म्हणाल्या, "आता तरी लगीन कर बाबा. इतकी वर्षं म्हाताऱ्याचं नाव पुढं करत हुतास, आता कुणाचं करशील?" त्या चेष्टेनं म्हणाल्या.

ताई, माझं आयुष्य आप्पांनी घालवलं नाही. जे गेलं ते त्या फाटकापाशी माझ्या हातून गेलं. आप्पांना वाटलं असेल, एक दिवस मी सांगेन आणि तू येशील. तेवढं त्यांना पाहता आलं नाही, हेही माझ्यामुळे. तू मला माफ करावंस म्हणून हे लिहीत नाही. रागाव. फोन करून शिव्या दे, मी या वेळी हं हं करणार नाही. फक्त आप्पांवरचा राग काढून माझ्यावर ठेव.

आता पत्राचं कारण सांगतो. येत्या रविवारी, सोळा तारखेला, मी दौंडला येतो आहे. तुमच्या पाळकांना मी काल फोन केला. मंडळीच्या सूचना वाचून झाल्यावर मला पाच मिनिटं देतो म्हणाले. ज्या देवळात आप्पांना दोष लागला तिथंच मी उठून हे सगळं सांगणार आहे, मंगळवार, शनिवार, आणि "तुम्ही उठा" म्हणालो ते. रोहिदासरावांना मात्र शनिवारी आधी घरी जाऊन सांगेन. त्या वेळी तुला आधी कोणी काही सांगितलं नव्हतं. भरल्या देवळात, सगळ्यांबरोबर, तुला ते ऐकावं लागलं. या वेळी तुला आधी कळावं म्हणून हे पत्र. त्या दिवशी देवळात यायचं की नाही, पुढं बसायचं की मागं, ते तू ठरव. दाजींनाही तूच सांग. जेवणाचं काही करू नकोस. मी उपासना संपली की तडक स्टँडवर जाईन, तू बोलावलंस तरच घरी येईन.

पोस्ट पाचला बंद होतं. स्पीड पोस्टानं टाकलं तर शुक्रवारपर्यंत तुझ्या हातात पडेल. टाकून येतो आणि येताना मेथीची जुडी आणतो. ती निवडून संध्याकाळची भाजी करायची आहे.

तुझाच धाकटा भाऊ,
सत्या