लाल ओढणीची गाठ

वरोरा, १० मार्च २०२५

प्रिय खुशबूस,
सप्रेम जयभीम व अ. आ. वि. वि.

आईनं तुझा फोन काढून घेतल्यामुळे मला पत्राची सवय लागली, तिचे आभार मान. नर्सिंगची परीक्षा तोंडावर आली, तरी काल तो जपानी कार्टून सिनेमा पुन्हा पाहिला. दिवाळीत आपण दोघी पाहून रडलो होतो, तोच. ती शाळेतली पोरगी त्याच्या सायकलला लाल फीत बांधते, तोंडातून शब्द काढत नाही, तरी त्याला कळतं. रोशनशी बोलायची तुझी हिंमत होत नाही ना? मग तूही बांध. त्याच्याकडे सायकल नाही म्हणून अडू नकोस, त्याचं जे असेल त्याला बांध.

लोभ आहेच, उत्तर पाठवून तो वाढव.
तुझी नंदिनीताई


ता. अहेरी, १९ मार्च

ती. ताईस,
स. जयभीम वि. वि.

बांधली बाई! रोशनच्या घरचे दरवर्षी ज्या मोहाखाली फुलं वेचतात, त्या झाडाला माझ्या लाल ओढणीचा जरीचा काठ. हंगामात पहिली चिंधी जो बांधेल, त्या झाडाची फुलं त्याची, हे मला कळतं. पण ती चिंधी जुन्या लुगड्याची असते, अशी झगमगीत नसते. गॅदरिंगला मी हीच ओढणी घेतली होती, तो ओळखेलच. ओढणी शेळीनं खाल्ली असं आईला सांगितलंय.

लोभ असू दे, चिडवणं कमी कर.
तुझी खुशबू


वरोरा, २६ मार्च

प्रिय खुशबूस, अ. आ.

शाबास! काय म्हणाला तो? सगळं सविस्तर लिही, पुस्तकं मिटून बसलेय.

नंदिनीताई


ता. अहेरी, ४ एप्रिल

ताई,

रोशन गेला. वाघानं नेला.

पहाटे मायलेक यंदा पहिल्यांदाच मोह वेचायला निघाले होते. अंधारात रंग दिसत नाही, गाठ तेवढी त्याच्या हाताला लागली. कोणीतरी झाड धरलं, भांडायचं नाही, असं म्हणून तो एकटाच नाल्यापलीकडं गेला. सिनेमात उजेड होता, ताई.

त्याची आई नीलाबाई येईल त्याला सांगते की, माह्या पोरगा दुसऱ्याच्या झाडाले हात लावत नव्हता. काल मला जवळ घेऊन तिनं विचारलं, ते चिंधी कोनाची हाय, तुले मालूम हाय का. मी नाई म्हटलं.

झाडाखाली फुलं सडून चाललीत, कोणी वेचत नाही. काठ अजून तिथंच आहे. सोडायला गेले तर लोक पाहतील.

लोभ ठेवशील का, तेवढं कळव.
खुशबू