स्वर्गात दोन माग

प्रिय बडबडे,

तुझा फोन आला की शेजारच्या मास्तरीणबाई घेतात आणि तू काय म्हणालीस ते मला पाटीवर लिहून दाखवतात. त्यांच्यासमोर मनातलं काय बोलणार, कपाळ? म्हणून हे पत्र. गिरणीकामगारांच्या कवितांचं तुझं पुस्तक सोमवारी छापायला जाणार आणि बापाची 'स्वर्ग' पहिल्या पानावर, हे वाचून आधी छाती फुगली, मग तिची शेवटची ओळ आठवली.

ती कविता गिरणीला टाळं लागलं तेव्हाची. आठ महिने आम्ही फाटकाबाहेर बसून होतो आणि ताग्यांवर चिकटवायच्या लेबलांच्या पाठीवर जो तो स्वर्ग लिहीत होता. कुणाच्या स्वर्गात पोटभर जेवण, कुणाच्या स्वर्गात खिडकी असलेली खोली. माझ्या स्वर्गात भोंगा नव्हता, माग नव्हते, आणि शेवटची ओळ होती, 'तिथे मारलेली हाक पोचते'. आमचा मुकादम मूळचाच खवचट. म्हणाला, माग थांबले, भोंगा गेला, आलाच की तुमचा स्वर्ग, मग तोंडं का पाडलीत? सगळे हसले. मीही हसलो, पण लागलं मला ते.

तुझी आई आणि मी समोरासमोरच्या मागांवर. शंभर माग एकदम धडधडायला लागले की ओरडून उपयोग नसतो. नुसते ओठ हलवायचे, समोरच्यानं बघून ओळखायचं. आमचं लग्नही असंच जमलं. तिला विचारायला मला तीन पाळ्या लागल्या आणि ती हो म्हणाली ते आजूबाजूच्या बाराजणांनी वाचलं. तू लहानपणी आमच्या तोंडाकडे टकमक बघायचीस, दोन-चार शब्द उचललेही होतेस. आईनंच ते बंद पाडलं. पोरीला ही विद्या आली तर पोर गिरणीतच जाईल, म्हणायची. घरात मोठ्यानंच बोलायचं असा तिचा हुकूम होता. मागांनी माझे कान गेलेले, मला माझाच आवाज ऐकू येत नसे, म्हणून मी जन्मभर घरात खेकसत राहिलो आणि तुला वाटलं बाप तापट आहे. तसा आहेही थोडा.

आई गेली त्या दिवशी दुपारी तू तिच्या उशाशी होतीस. सुताच्या धुळीनं छाती खाल्लेली, आवाज आठवडाभर आधीच गेलेला. तिचे ओठ हलत होते, तू वाकून वाकून कान लावत होतीस, आणि मी पायथ्याशी उभा राहून सगळं वाचत होतो. तू वळून विचारलंस, काय म्हणते? मी म्हणालो, काही नाही, श्वास घेतेय. आई माझ्याशी एक शब्द न बोलता गेली, असं तू वर्षभर म्हणतेस. ते पाटीवर मी तीनदा वाचलंय.

खोटं बोललो मी. ती आधी मला म्हणाली, तुमच्या स्वर्गात माग ठेवा. दोनच ठेवा, पण समोरासमोर, नाहीतर तिथे तुम्ही माझ्याशी कसले बोलताय. मला राग आला गं. मरता मरता बाई माझी कविता दुरुस्त करते, असं वाटलं. लिहायला लाज वाटते, पण तसंच वाटलं. मग तिनं तुझ्याकडे पाहिलं. म्हणाली, कान चांगले आहेत हिचे, इतकी जवळ बसलीये, तरी हिला मी ऐकू येत नाही. हिला शिकवायला हवं होतं, चुकलं माझं. हे तिनं दोनदा म्हटलं. ते तुला सांगायचा धीर मला झाला नाही.

तेव्हा सोमवारच्या आत ती शेवटची ओळ काढ. तिथे 'दोन माग असावेत, समोरासमोर' असं घाल आणि खाली माझ्या नावाच्या आधी तिचं नाव छाप. आणि रविवारी घरी ये. आरशासमोर बसू, तुला हे बोलणं शिकवतो, उशिरा का होईना. पहिला शब्द आजच सांगतो, आरसा घे आणि आवाज न करता म्हण. 'बडबडे'. ओठ दोनदा मिटतात, दोनदा उघडतात. त्या दुपारी तिचे ओठ सगळ्यात जास्त वेळा तसेच हलले होते. तू अगदी जवळ होतीस, आठवून बघ.

तुझाच,
बहिरा बाप