नवं लुगडं आधी तिला

सोलापूर,
माघ, शके १८५५

प्रिय सारजे,

हे पत्र शाळेतल्यासारखं मोठ्यानं वाचू नकोस. आबा ओसरीवर असतील तर गोठ्यात जा आणि तिथं वाच.

माझ्या लग्नात तू परकर सावरत सगळ्यांच्या पायांत लुडबुडत होतीस. सासूबाईंनी माझ्या गळ्यात चांदीचा टाक बांधला, तेव्हा त्यावरचं तोंड बघून तू विचारलंस, ही बाई कोण? आज सांगते. ती शिवबाई. तुझ्या दाजींची मेलेली बायको, माझी सवत. आठ वर्षं ती माझ्या छातीवर बसली आहे. नवं लुगडं आलं की सासूबाईंचं ठरलेलं, "आदी तिला दाव की गं, मग तू नेस." मी पदराचं टोक टाकाला टेकवायचं, कुंकू लावायचं आणि मग तिचं उष्टं नेसायचं. यांनी गड्ड्याच्या जत्रेतून हौसेनं काकणं आणली तरी पहिली तिची. जिवंत सवतीशी भांडता तरी येतं गं. हिच्याशी काय भांडू? मी नुसती जळत राहिले.

त्यात तिची पेटी. वर फळीवर, कुलूप घातलेली, किल्ली सासूबाईंच्या कमरेला. दर दिवाळीत हे ती खाली काढून स्वतःच्या हातानं पुसायचे आणि माझ्या अंगाची लाही व्हायची. किती लाडाची असेल, आत काय काय साठवलं असेल!

मागच्या महिन्यात सासूबाई लेकीकडे बार्शीला गेल्या आणि किल्ली माझ्याकडे आली. भोंगा झाला, हे गिरणीत गेले आणि मी पेटी उघडली. दोन इरकली लुगडी, एक खणाची चोळी, फणी, फणीत अडकलेले केस. एवढंच. एक लुगडं मी अंगाला लावून पाहिलं. मग पदराच्या टोकाला कुंकवाचा डाग दिसला. दुसऱ्यालाही तिथंच. माझ्या सगळ्या लुगड्यांना जिथं आहे, अगदी तिथंच.

मी घाईनं सगळी पेटी उपसली. तळाशी एका बटव्यात सापडलाच. टाक. एका लहान पोरीचा, नाक-डोळे पार घासलेले. नुसत्या हळदीकुंकवानं चांदी एवढी झिजत नाही. कुणीतरी रागानं अंगठा घासत बसायचं. मला कळतं, माझ्याही अंगठ्याला ती खोड आहे.

यांना विचारलं. तेव्हा सांगितलं, ती यांची पहिली बायको. तिचं नाव भीमा. लहानपणीच लग्न लागलं, आणि नांदायला यायच्या आधीच ती प्लेगात गेली. म्हणजे शिवबाईसुद्धा दुसरीच! तीही आधी दाखवत राहिली, मग नेसत राहिली. ती माझ्या गळ्यात आली तशी भीमा पेटीत गेली. मला तिची दया यायला हवी होती. आली, पण थोडीच. पेटीवरून फिरणारा यांचा हात आठवला आणि मी पुन्हा जळले. माझा स्वभावच मेला तसा.

आता खरं ते लिहिते. माझा खोकला थांबत नाही, रक्त पडतं. डॉक्टर माझ्याशी बोलत नाहीत, यांच्याशीच बोलतात. परवा आबा आले होते. दारात उभं राहून हे आणि आबा हळू आवाजात बोलले, आणि निघताना आबा माझ्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाले, सारजा आता मोठी झाली. मी काय ते समजले. शिवबाई पेटीत जाईल आणि माझं तोंड तुझ्या गळ्यात येईल. सारजे, नाही म्हण. रड, जेवण सोड, पण नाही म्हण. तुझ्या भल्यासाठी सांगते असं लिहिणार होते, पण खोटं कशाला लिहू? मला तुझा हेवा वाटतो, आतापासूनच. आणि तरीही या घरात आलीसच, तर एवढं कर. तुझं नवं लुगडं मला दाखवू नकोस. मला बघवणार नाही.

अजून तरी तुझीच,
रंभाआक्का